गरिबी हटवायला निघालात? आधी बजेट वाचायला शिका

गेल्या काही महिन्यांत चार-पाच जणांनी तोच प्रश्न विचारला, की मला परदेशी मदत, डेव्हलपमेंट, अ‍ॅडव्होकसी या क्षेत्रात यायचंय, काय शिकू आणि सुरुवात कुठून करू. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकते. मी यात नऊ वर्षं आहे, पहिली दोन फील्डवरच्या प्रोजेक्टमध्ये गेली आणि बाकीची अ‍ॅडव्होकसीत. म्हणजे श्रीमंत देशांचे खासदार, मंत्रालयं यांच्या मागे लागायचं आणि सांगत राहायचं की गरीब देशांना द्यायच्या पैशाला कात्री लावू नका, आणि देताय तर नीट द्या. लॉबिंगच ते, फरक इतकाच की ज्यांच्यासाठी आपण भांडतोय त्यांना आपण कोण हेही माहीत नसतं आणि त्यांनी आपल्याला नेमलेलं पण नसतं. हे विसरायचं नाही, पुढे येते त्यावर.

माझी पहिली मीटिंग सांगते. खासदार भेटलेच नाहीत (बहुतेक वेळा भेटत नाहीत), त्यांच्या ऑफिसातली एक मुलगी भेटली, माझ्याहून वयाने लहानच. मी वीस मिनिटं कुपोषणावर बोलले, फोटो दाखवले, माझाच आवाज जरा भरून आला. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग आमच्याकडून नेमकं काय हवंय? मी म्हटलं मदत वाढवा. तिने विचारलं, बजेटच्या कुठल्या हेडखाली, किती, आणि कधीपर्यंत? माझ्याकडे उत्तर नव्हतं, नुसती बघत बसले. बाहेर आल्यावर माझी सीनियर म्हणाली, तू तिला रडवायला गेली होतीस, तिला संध्याकाळी साहेबांना एक ओळ लिहून द्यायची होती.

ती एक ओळ म्हणजे आमच्या भाषेत 'आस्क'. आस्क म्हणजे अमुक फंडाला पुढच्या तीन वर्षांसाठी इतकी रक्कम जाहीर करा, किंवा या पत्रावर या तारखेआधी सही करा, किंवा समितीत हा प्रश्न विचारा. समोरच्याला हो किंवा नाही म्हणता आलं पाहिजे. 'जागतिक गरिबीकडे लक्ष द्या' याला कोणीच नाही म्हणत नाही, म्हणून त्याचा उपयोग पण शून्य.

आस्क ठरवायचा तर कॅलेंडर माहीत हवं, आणि नवीन लोकांचं इथेच चुकतं. मोठे फंड ठराविक वर्षांनी पैसे गोळा करतात, त्याला रिप्लेनिशमेंट म्हणतात. एड्स, टीबी, मलेरियासाठीचा ग्लोबल फंड दर तीन वर्षांनी, वर्ल्ड बँकेची सगळ्यात गरीब देशांसाठीची आयडीए ही शाखा, तीही साधारण तीन वर्षांनी, गरीब देशांना लसी पुरवणारी 'गावी' (Gavi) ही संस्था पाच वर्षांनी. जून २०२५ मध्ये ब्रसेल्सला या 'गावी'ची परिषद झाली तेव्हा हवे होते ११.९ अब्ज डॉलर, आणि आश्वासनं मिळाली ९ अब्जांच्या थोडी वर. बातम्या त्या दिवशी येतात, पण कुठला देश किती देणार हे बहुतेक आधीच, अर्थमंत्रालयाच्या कुठल्यातरी कंटाळवाण्या बैठकीत ठरून गेलेलं असतं. परिषदेच्या आठवड्यात हॅशटॅग चालवणं म्हणजे वरात निघून गेल्यावर मांडव घालणं. आमचं काम वर्ष-दीड वर्ष आधी सुरू होतं.

आता आकडे. अमेरिकेत लोकांना सर्व्हेत विचारतात की सरकारी बजेटमधला किती हिस्सा परदेशी मदतीवर जातो, तर सरासरी उत्तर चौथा हिस्सा वगैरे येतं. प्रत्यक्षात वर्षानुवर्षं तो १ टक्क्याच्या आसपास होता. त्यामुळे 'आधी घरचं बघा' म्हणणाऱ्या माणसाशी भांडत बसू नका, त्याला विचारा तुमच्या मते किती जातं, आणि मग खरा आकडा सांगा. सगळे लगेच बदलत नाहीत, पण निदान बोलणं भावनेवरून हिशोबावर येतं.

दुसरा आकडा ०.७. श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० मध्ये केला. पन्नास वर्षं उलटून गेली, आणि सातत्याने तिथे पोचलेले देश एका हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच, नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग. ब्रिटन २०१३ मध्ये पोचलं, २०१५ मध्ये तर त्याचा कायदाच केला. आमच्यातल्या जुन्या लोकांनी तेव्हा पार्टी केली होती म्हणे. मग कोविडच्या काळात सरकारने ते ०.५ वर आणलं, जुलै २०२१ मध्ये संसदेत मतदान झालं आणि ३३३ विरुद्ध २९८ ने कपात टिकली. सत्ताधारी पक्षातल्याच काही जणांनी विरोधात मत दिलं तरीही. २०२५ मध्ये आणखी खाली, २०२७ पर्यंत ०.३ करायचं जाहीर झालं. कायदा झाला म्हणजे काम झालं असं मला पण वाटायचं, आता नाही वाटत.

आणि मदत म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या आधी वाचा. ही व्याख्या ओईसीडी या बहुतांश श्रीमंत देशांच्या संघटनेची डीएसी नावाची समिती ठरवते, म्हणजे देणारेच ठरवतात मदत कशाला म्हणायचं. दात्याच्या देशात आलेल्या निर्वासितांवरचा पहिल्या बारा महिन्यांचा खर्चसुद्धा मदतीत धरता येतो. २०२३ मध्ये ब्रिटनच्या एकूण मदतीतला चौथ्या हिश्श्याहून जास्त पैसा असा देशातल्या देशातच खर्च झाला. त्या लोकांना निवारा मिळायलाच हवा, वाद त्याचा नाहीच, पण कागदावर मदत वाढलेली दिसते आणि गरीब देशाच्या हातात मात्र कमी पडतं. सवलतीच्या व्याजाचं कर्जही काही प्रमाणात मदत म्हणून मोजलं जातं. शिवाय काही मदतीला अट असते की माल आमच्याकडूनच घ्या. अमेरिकेच्या धान्य मदतीत तर निम्मं तरी धान्य अमेरिकन झेंड्याच्या जहाजातूनच न्यायचं असा नियम, त्यात भाड्यावरच किती जातं बघा. हे सगळं माहीत नसेल तर एखादा मुरलेला अधिकारी तुम्हाला पाच मिनिटांत गुंडाळून परत पाठवतो. माझ्या बाबतीत झालंय, 'आमची मदत तर वाढलीय' म्हणाला आणि मी थँक्यू म्हणून आले.

पण अ‍ॅडव्होकसी म्हणजे फक्त पैसे मागणं नाही. मला कोणी विचारलं की यातलं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण कुठलं, तर मी एड्सच्या औषधांचं सांगते. २००० च्या आसपास एचआयव्हीच्या औषधांचा खर्च एका पेशंटमागे वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर होता. औषधं होती, पण ज्या देशांत सगळ्यात जास्त माणसं मरत होती तिथे परवडत नव्हती, आणि मोठमोठे तज्ज्ञ सांगत होते की आफ्रिकेत उपचार देणं व्यवहार्यच नाही, फक्त प्रतिबंधावर खर्च करा. दक्षिण आफ्रिकेत सरकारने स्वस्त औषधांचा मार्ग मोकळा करणारा कायदा केला तर ३९ औषध कंपन्या कोर्टात गेल्या. तिथल्या पेशंट लोकांनीच उभी केलेली ट्रीटमेंट अ‍ॅक्शन कँपेन ही संघटना त्या खटल्यात उतरली, रस्त्यावर पण उतरली. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्ला या भारतीय कंपनीने उपचाराला लागणारी तीन औषधं मिळून एका पेशंटमागे वर्षाला ३५० डॉलरला द्यायची तयारी जाहीर केली. एप्रिलमध्ये कंपन्यांनी खटला मागे घेतला. नोव्हेंबरमध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या दोहा बैठकीत मान्य झालं की पेटंटचे नियम सार्वजनिक आरोग्याच्या आड येता कामा नयेत. २००२ मध्ये ग्लोबल फंड सुरू झाला, २००३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बुश यांनी पेपफार हा एड्सविरोधी मदत कार्यक्रम जाहीर केला, ज्याच्यामुळे अडीच कोटी जीव वाचले असा अमेरिकन सरकारचाच हिशोब आहे.

आता यात क्रम बघा. आधी किंमत पडली, मग कायद्याची वाट मोकळी झाली, मग पैसा आला. किंमत दहा हजारच राहिली असती तर त्याच पैशात किती पेशंट झाले असते, करा भागाकार. आणि हे सगळं सुरू केलं ते ज्यांना आजार होता त्यांनी, आमच्यासारख्या परिषदांना जाणाऱ्यांनी नाही. कर्जमाफीची चळवळ पण तशीच अभ्यासण्यासारखी आहे, १९९८ मध्ये बर्मिंगहॅमला जी-८ ची बैठक होती तेव्हा साधारण सत्तर हजार लोकांनी मानवी साखळी केली, त्यात चर्चमधल्या आज्याच जास्त होत्या असं एक तेव्हाचे कार्यकर्ते गमतीने सांगतात. मागणी एकच आणि तारखेसकट, २००० सालापर्यंत कर्ज सोडा. पूर्ण नाही झाली, पण पुढच्याच वर्षी कर्जमाफीची योजना मोठी करावी लागली.

मदतीने खरंच काही होतं का, हा प्रश्न तुम्हाला इंटरव्ह्यूत विचारतील, नातेवाईक विचारतील, आणि तिसऱ्या वर्षी तुम्ही स्वतःलाच विचाराल. टीकाकारांचं नीट वाचा, त्यातले काही आफ्रिकेतलेच अर्थतज्ज्ञ आहेत आणि त्यांचा मुद्दा असा की सरकार करदात्याऐवजी दात्याला उत्तर द्यायला लागतं. हा मुद्दा मला अजून पूर्ण खोडता आलेला नाही. माझं मत विचाराल तर लस, मच्छरदाणी, एड्सची औषधं इथे मदत चालते हे दिसतं, 'प्रशासन सुधारणा' असल्या गोल शब्दांच्या प्रोजेक्टमध्ये फारसं दिसत नाही. आणि फसलेले प्रयोग पाठ असू द्या. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या देशांत एक फिरता पाळणा आणला होता, मुलं खेळतील आणि खालचा पंप आपोआप पाणी वर चढवेल. कल्पना दात्यांना इतकी आवडली की लाखो डॉलर आले. मुलं किती वेळ खेळणार, शेवटी गावातल्या बायकाच ते चाक हाताने फिरवत बसल्या, आणि बिघडलं की दुरुस्तीला महिनोन्‌महिने कोणी येईना. साधा हातपंप बरा होता असं तिथल्या लोकांना कोणी आधी विचारलंच नव्हतं.

म्हणून शिकायचं काय? डिग्री कुठली याने फार फरक पडत नाही, डेव्हलपमेंट स्टडीज, इकॉनॉमिक्स, पब्लिक हेल्थ, कायदा, पत्रकारिता सगळे दिसतात. मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते एक्सेल आणि बजेटची कागदपत्रं वाचता येणं. संख्याशास्त्राचा एक तरी नीट कोर्स करा, २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते ज्या रँडमाइज्ड चाचण्यांना (म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडायचे, एकाला योजना द्यायची, दुसऱ्याला नाही, आणि फरक बघायचा), तसा एखादा रिपोर्ट वाचून त्यात काय सिद्ध झालं आणि काय नाही एवढं तरी कळलं पाहिजे. फ्रेंच येत असेल तर सोन्याहून पिवळं, पश्चिम आफ्रिकेची दारं उघडतात. आणि एक पान लिहायला शिका. वीस पानं कोणीही लिहितं.

नोकरीचं खरं सांगू का, सध्या दिवस वाईट आहेत. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि १ जुलैला १९६१ पासून चालत आलेली यूएसएड ही तिथली सरकारी मदत संस्था बंद झाली, उरलंसुरलं काम परराष्ट्र खात्याकडे गेलं. हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि आता ज्युनियर पोस्टला पंधरा वर्षं अनुभवाचे अर्ज येतात. घाबरवायला नाही सांगत, पण घरचे पैसे मोडून महागडी मास्टर्स करायच्या आधी वर्षभर कुठेतरी काम करून बघा. बिनपगारी इंटर्नशिप तीन महिन्यांच्या वर करू नका. आणि इंटरव्ह्यूत तुम्ही पण एक प्रश्न विचारा, संस्थेचा किती पैसा सरकारकडून येतो? ज्याच्या पैशावर पगार होतो त्याच्यावर टीका करताना आवाज जरा खाली येतोच. माझ्या एका जुन्या ऑफिसात प्रेस नोटमधलं 'निषेध' काढून 'चिंता' टाकलं होतं, कारण त्याच महिन्यात आमचं ग्रांट रिन्यू व्हायचं होतं.

फोटोंचं राहिलं. त्या पहिल्या मीटिंगला मी जे फोटो नेले होते त्यातल्या एका मुलाच्या आईला तो फोटो कुठे जाणार हे कोणी सांगितलं नव्हतं, सही घेतली होती पण कागद तिला न येणाऱ्या भाषेत. मीच घेतली होती ती सही. नंतर तो फोटो पोस्टरवर आला आणि तिथल्याच एका सहकाऱ्याने मला विचारलं, तुझ्या भावाचा फोटो असा लावला असतास? तेव्हापासून मी माणसाचं नाव, म्हणणं आणि परवानगी असल्याशिवाय चेहरा वापरत नाही, आणि जमलं तर त्या माणसालाच मीटिंगला घेऊन जाते. व्हिसा मिळेपर्यंत जीव जातो, तो वेगळा विषय आहे.

सुरुवात करायची तर या आठवड्यात एवढं करा, ओईसीडीच्या मदतीच्या आकडेवारीत जा (फुकट आहे), एक देणारा देश आणि एक घेणारा देश निवडा, पाच वर्षांचे आकडे काढा, त्यातलं कर्ज किती, अनुदान किती, कुठल्या क्षेत्राला किती ते बघा आणि त्यावर एक पान लिहा, पहिल्याच ओळीत आस्क. लिहिलंत तर मला पाठवा, मी वाचते, फक्त उत्तराला पंधरा दिवस धरा कारण सध्या आमच्याकडे बजेटचा सीझन चालू आहे.