कोकणातल्या घराची पडझड कशी ओळखावी आणि वेळेत कशी रोखावी

गावचे घर दुरुस्त करायचे ठरले की बहुतेक जण गवंड्याला बोलावतात, पोपडे निघालेली भिंत दाखवतात आणि नवा गिलावा मारून घेतात. दोन पावसाळे गेले की तीच भिंत पुन्हा फुगते. बिघाड भिंतीत नसतोच; पाणी छपरातून किंवा जोत्यातून येत असते आणि ती वाट तशीच राहिलेली असते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. म्हणून इथे आधी पाण्याचा माग काढायचा, दुरुस्तीला हात नंतर घालायचा.

पाहणी गणपतीत, काम शिमग्यानंतर

चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला घरी येतातच, त्याचा उपयोग करून घ्या. गणपतीत पाऊस चालू असतो, त्यामुळे गळती आणि ओल डोळ्यांना दिसते. पेन्सिल घेऊन घरभर फिरा. भिंतीवर ओल जिथपर्यंत चढली आहे तिथे रेघ ओढून तारीख लिहा, गळणाऱ्या वाशावर खूण करा, फोटो काढा. शिमग्याला घर कोरडे ठणठणीत असते. या खुणा नसतील तर नेमके काय दुरुस्त करायचे तेच कळत नाही. गवंडी-सुतारांना मार्च-एप्रिलसाठी आधीच सांगून ठेवा. मे उजाडला की गावात माणूस मिळत नाही आणि मृग तोंडावर आलेला असतो.

छपरापासून सुरुवात

दिवसा दारे-खिडक्या लावून वर बघा. फुटलेल्या किंवा सरकलेल्या कौलांतून उजेडाचे ठिपके दिसतात. माकडांचा वावर असलेल्या वाडीत हे दरवर्षीचेच आहे. शाकारणी, म्हणजे पावसाआधी छपराची डागडुजी, करताना नुसती फुटकी कौले बदलू नका. कौले उतरवून रिपा (कौले ज्यांवर टेकतात त्या लाकडी पट्ट्या) पाहा, कुजलेल्या काढा, साचलेला पालापाचोळा झाडा आणि आढ्यावरचे जोड पुन्हा भरून घ्या. दोन छपरे जिथे मिळतात ती पन्हळ सर्वांत नाजूक जागा. सगळे पाणी तिथे एकवटते, आणि पाने अडकली की ते उलटे कौलांखाली शिरते.

3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात छप्पर उडाल्यावर अनेकांनी कौलांऐवजी पत्रे घातले. पत्र्याला गंज आधी स्क्रू आणि हुकांभोवती धरतो. तिथले रबरी वॉशर उन्हाने तडकलेले दिसले की बदला.

लाकूड टोचून बघा

वाशांची आणि तुळयांची जी टोके भिंतीत जातात, चौकटीचे जे पाय जमिनीला टेकतात, तिथे स्क्रूड्रायव्हर टोचा. तो जोर न लावता आत गेला तर लाकूड वरून धड आणि आतून कुजलेले आहे. खाली बारीक पीठ आणि लाकडाला गोल भोके असतील तर भुंगा. भिंतीवरून मातीच्या नळ्या चढलेल्या असतील तर वाळवी. अशा नळीचा एक तुकडा मोडून ठेवा. काही दिवसांत तो पुन्हा बांधला गेला तर वाळवी आत चालू आहे. वरवरच्या फवारणीने ती थांबत नाही, कारण तिचे घर जमिनीत असते. जोत्याभोवती आणि आतल्या कडेने छिद्रे पाडून औषध मातीत मुरवावे लागते. बांधून झालेल्या घरांसाठी ही पद्धत आय. एस. 6313 या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात दिली आहे. ठेकेदाराला त्याप्रमाणेच काम करायला सांगा.

चिऱ्याची भिंत

सर्वांत जास्त नुकसान इथे होते, आणि तेही दुरुस्तीच्या नावाखाली. चिरा जांभ्याचा असतो, आणि जांभा सच्छिद्र दगड आहे. तो पाणी शोषतो आणि ऊन पडले की सोडतो. जुन्या घरांत दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) आणि गिलावा चुन्याचा असे, त्यातून ओल बाहेर निघून जाई. त्यावर दोन्ही बाजूंनी सिमेंट थापले की ओल कोंडते, वर वर चढते, लोणा लागतो (भिंतीवर पांढरे क्षार फुटतात) आणि चिरा आतून भुगा होऊ लागतो. माझे स्पष्ट मत आहे: चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीला सिमेंट लावूच नये. मोकळ्या झालेल्या दर्जा खरवडून चुन्याने भराव्यात, आणि चुन्याचे काम जाणणारा कारागीर शोधण्यासाठी चार गावे फिरावे लागले तरी फिरावे.

भिंतीच्या खालच्या दोन-तीन थरांतच ओल असेल तर बाहेर जाऊन पागोळ्या कुठे पडतात ते पाहा. पाणी जोत्याला लागून पडत असेल, अंगण घराकडे उतरते असेल किंवा वर्षानुवर्षे माती चढून जोते बुडाले असेल, तर माती काढा, उतार बाहेरच्या बाजूला करा आणि पाणी गटारात न्या. एवढ्याने अर्धे काम होते. पावसाची झोड ज्या बाजूने येते तिथे झावळ्यांच्या झापांची झडी, म्हणजे आडोसा, बांधण्याची जुनी रीत आजही उत्तम आहे.

भेग दिसली तर तिच्या दोन्ही टोकांना खूण करून तारीख लिहा. भेगेवर काचेची पातळ पट्टी सिमेंटने चिकटवली तरी चालते. वर्षभरात पट्टी तडकली तर भिंत अजून हलते आहे, आणि मग पाया बघायला इंजिनिअरच हवा.

बंद घर

वर्षभर कुलूप असलेले घर सर्वांत लवकर खचते. वारा फिरत नाही, बुरशी धरते, आणि चुलीचा धूर नसल्याने वाशांतल्या किड्यांना मोकळे रान मिळते. किल्ली शेजारी द्या, उघडीप मिळेल तेव्हा दारे-खिडक्या उघडायला सांगा, आणि त्या कामाचे पैसे आठवणीने द्या.

स्लॅब आणि सळई

खाऱ्या हवेतले क्षार काँक्रीटमध्ये मुरून सळईपर्यंत पोचतात. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडते, म्हणून तडा सळईच्या रेषेत सरळ जातो. स्लॅबला खालून हातोडीने हलके ठोका. पोकळ आवाज आला तिथले काँक्रीट सुटले आहे. वरून गिलावा मारून ते झाकणे धोक्याचे, कारण आत गंज चालूच राहतो. सुटलेला भाग फोडून, सळई सर्व बाजूंनी घासून, गंजरोधक लेप देऊन मगच भरायचे असते. सळई निम्मी झिजलेली दिसली किंवा तुळई वाकली असेल तर खालची खोली रिकामी करा, टेकू द्या आणि इंजिनिअरला बोलवा.

नवे काँक्रीट घालणार असाल तर धुऊन न घेतलेली खाडीची किंवा समुद्राची वाळू दारात उतरवूच देऊ नका. आय. एस. 456 नुसार किनारी हवेत निदान एम 30 दर्जाचे काँक्रीट आणि सळईवर 45 मिलिमीटरचे आवरण लागते. काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी स्वतः जाऊन सळईखालचे कव्हर ब्लॉक (आवरणाएवढे अंतर राखणारे छोटे ठोकळे) पट्टीने मोजा.