पटाशीला धार लावताना वॉटर पेपर जागेवर कसा धरायचा

काच घ्या, पेपर ठेवा, धार लावा एवढंच सगळे सांगतात, आणि मग लोक चांगली पटाशी बिघडवून बसतात. पेपर कसा धरून ठेवायचा हेच कोणी नीट सांगत नाही, म्हणून लिहितोय.

खाली 10-12 मिमीची काच, नाहीतर किचन ओट्यातून उरलेला पॉलिश ग्रॅनाइटचा तुकडा. प्लाय नको, पाण्याने फुगतो. काचेखाली ओलं फडकं, म्हणजे ती सरकत नाही. पेपर काळा वॉटर पेपरच (पाण्यात चालणारा पॉलिश पेपर), 220, 400, 800, 1000, 2000 नंबरचा; नंबर जितका मोठा तितका कण बारीक. शीट साधारण 9 बाय 11 इंच असते, तिच्या लांबीत तीन पट्ट्या कापा.

आता खरी अडचण. पातं पुढे ढकललं की सैल पेपर पात्याच्या पुढ्यात फुगतो, लाटेसारखा, डोळ्याला दिसतही नाही इतका बारीक, पण तो धारेवर चढून घासतो आणि धार गोल होते. कडेने चिकटपट्टी मारा किंवा क्लिपा लावा म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका, टोकं ताणली जातात पण मधला पेपर उचलायचा तो उचलतोच.

मी स्वतः जाड फोमचा डबल टेप लावला होता. दोन रविवार रंध्याच्या पात्याची पाठ (सपाट बाजू) घासली, आरशासारखी चमकली, पण सागावर नुसतं घसरायचं. शेवटी पाठीवर मार्करने रेघा मारल्या आणि काचेवर नीट चिकटवलेल्या पेपरवर चार हात मारले, तर सगळी शाई गेली आणि फक्त धारेलगत केसाएवढी काळी रेघ राहिली. तिथलं पोलाद गोल झालं होतं, पेपरला टेकतच नव्हतं, कारण दाब दिला की फोम दबायचा आणि पेपर धारेपुढे वर यायचा. वेल्क्रोवाल्या चकत्यांचंही हेच होतं. मऊ काहीही पेपरखाली नको, हा माझा पक्का नियम आहे.

खरखरीत पेपर, म्हणजे 220 आणि 400, चिकटवायचेच, कारण तिथे जोर लावून बराच वेळ घासायचं असतं. फेव्हिकॉल नको, तो कुठे जाड कुठे पातळ बसतो, तसाच सुकतो आणि मग खरवडत बसावं लागतं. स्प्रेचा गोंद आणा. काच पुसून कोरडी करा, गोंद काचेवर नाही तर पेपरच्या पाठीवर मारा, वीतभर लांबून, एकच पातळ थर, तोही गॅलरीत किंवा बाहेर आणि गॅसपासून लांब. मिनिटभर थांबा, बोटाला चिकटेल पण तार सुटणार नाही इतपत सुकू द्या. मग एका टोकापासून टेकवत न्या आणि वरून लाटणं फिरवा (जुनं घ्या, पोळ्यांचं नको). खाली धुळीचा एक कण राहिला तरी उंचवटा येतो, आठ-दहा हात मारले की पेपरचा तेवढाच ठिपका आधी झिजलेला दिसतो. तसं दिसलं तर आळस करू नका, पेपर काढा, पुसा, नवा लावा. काढताना हेअर ड्रायरने गरम करून सावकाश ओढायचा आणि उरलेला गोंद थिनरने पूर्ण पुसायचा, नाहीतर पुढच्या पेपरखाली तोच उंचवटा होतो.

800 पासून पुढे गोंद लागत नाही, पाणी पुरतं. पेपर दहा मिनिटं पाण्यात ठेवा, त्याची गुंडाळी सुटू द्या, ओल्या काचेवर ठेवून जुन्या प्लास्टिक कार्डाने मधून कडेकडे पाणी ओढून काढा. असा बसतो की बोटाने सरकवून बघा, हलत नाही. पण इथे पातं फक्त आपल्याकडे ओढायचं, ढकललं तर ताजी धार पेपर चिरते. कोरडा पडला की तो सुटतो, वरून पाणी शिंपडत राहा.

आधी पाठ सपाट, मग उतार (धारेची तिरकी बाजू) 25 अंशाला, प्रत्येक पेपरवर बर, म्हणजे धारेच्या मागे वळलेला पोलादाचा बारीक काठ, येईपर्यंत. शेवटी पाइनच्या तुकड्याच्या टोकावर चालवून बघा, तंतू न चुरगळता स्वच्छ पापुद्रा निघाला की झालं.

पातं लगेच कोरडं पुसून मशीनचं तेल लावा, पावसाळ्यात ओलं राहिलं तर सकाळपर्यंत गंजाचे ठिपके येतात.