फिश टँकचं पाणी बदलण्याआधी बादली तपासा

पाणी बदलूनही काचेवर पुन्हा शेवाळ येतं? आपल्या मराठवाड्यात कधी बोअरचं, कधी टँकरचं पाणी. त्यातच फॉस्फेट, म्हणजे शेवाळाला पोसणारा क्षार, असेल तर पाणी बदलून ते कमी होणार नाही. म्हणून फॉस्फेटच्या टेस्ट किटने दोन नमुने तपासा, एक टँकचा आणि एक नव्या पाण्याचा.

१. किटमधली काचनळी साबणाने धुऊ नका, तपासायच्या पाण्यानेच दोनदा विसळा. रंग दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदापुढे धरून बघा.

२. नव्या पाण्यात जास्त निघालं तर त्यात आरओचं शुद्ध पाणी मिसळा, अर्धं-अर्धं चालतं. आरओच्या सांडपाण्याच्या पाइपचं पाणी मात्र टँकमध्ये नकोच, त्यात क्षार आणि फॉस्फेट आणखी दाट होतात.

३. टँकमध्येच जास्त असेल तर खाणं कमी करा. बहुतेक वेळा मूळ तिथंच असतं. दोन मिनिटांत संपेल एवढंच टाका. गोठवलेलं खाद्य आधी वितळवून चहाच्या गाळणीत धुवा, त्याचं पाणी टँकमध्ये जाऊ देऊ नका. तळातली घाण आणि सडकी पानं नळीने ओढून काढा.

निघालेलं पाणी तुळशीला, कढीपत्त्याला घाला. उन्हाळ्यात एक थेंबही वाया जायला नको, शिवाय झाडांना ते खतासारखं लागू पडतं. खारं पाणी असेल तर मात्र घालू नका.

जपायचं एवढंच, फॉस्फेट शून्यावर आणू नका, टँकमधल्या वनस्पतींनाही ते लागतं. फॉस्फेट शोषणारे दाणे फिल्टरमध्ये एकदम न भरता थोडे थोडे वाढवा.