उभी पिकअप तापते तेव्हा दोष कोठे शोधावा

कांद्याच्या हंगामात लासलगावच्या बाजार समितीबाहेर रांगेत लागलेली पिकअप पुढची गाडी हलेल तशी थोडी थोडी सरकत असते, आणि तेवढ्यात तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे चढू लागतो. तीच गाडी मोकळ्या रस्त्याला लागली की काटा पुन्हा जागेवर येतो. या एका लक्षणावरून दोषाची दिशा बरीचशी कळते. गाडी धावत असताना समोरचा वारा रेडिएटरमधून आपोआप जातो. गाडी उभी असताना तो पंख्यानेच ओढून घ्यावा लागतो. त्यामुळे उभ्याने तापणाऱ्या गाडीत आधी हवेचा मार्ग तपासावा. याउलट घाटात किंवा भरल्या मालासह वेगात तापणाऱ्या गाडीत रेडिएटरच्या नळ्या आतून क्षाराने बुजणे किंवा थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे जाणारा मार्ग उघडणारी झडप) पूर्ण न उघडणे यांचा संशय घ्यावा.

काटा चढताना दिसताच एसी बंद करावा, हीटर पूर्ण गरम बाजूला फिरवून त्याचा पंखा मोठा करावा आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून रेस मिनिटाला सुमारे १५०० फेऱ्यांपर्यंत वाढवावी. तरीही काटा लाल पट्ट्यात गेला, तर इंजिन लगेच बंद करावे. रेडिएटरचे झाकण मात्र तेव्हा मुळीच उघडू नये. कूलंट (इंजिन गार ठेवण्याचे द्रव) आणि पाण्याचे निम्मे-निम्मे मिश्रण साध्या दाबाला सुमारे १०७ अंशांवर उकळते, पण झाकणाने १ बारच्या आसपास दाब धरून ठेवल्यामुळे ते जवळजवळ १२९ अंशांपर्यंत न उकळता राहू शकते. झाकण सैल होताच दाब जातो, मिश्रण एकदम उकळून उसळते आणि हात-तोंड भाजते. वरचा होज पाइप हाताला गार लागून सहज दाबला जाईपर्यंत थांबावे. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतल्यास हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) तडा जाऊ शकतो.

रेस वाढवल्यावर काय घडले, हे लक्षात ठेवावे. ज्या पिकअपमध्ये पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर (बेल्टवर) फिरतो, तिथे रेस वाढताच पंखा आणि वॉटर पंप दोन्ही जोरात फिरतात. म्हणून काटा उतरला तर या दोघांपैकी एक कमजोर आहे, पट्टा घसरतो आहे किंवा कूलंट कमी आहे. विजेच्या पंख्याचा वेग रेसवर अवलंबून नसतो, म्हणून तिथे काटा उतरल्यास संशय पंप आणि कूलंटच्या पातळीकडे वळतो. उभ्या गाडीत एसीची गार हवाही मंदावते आणि गाडी चालू लागताच सुधारते, असे असेल तर पंख्यावरचा संशय अधिक पक्का होतो.

इंजिन गार असताना प्रथम रेडिएटरमधील पातळी पाहावी, कारण बाजूची बाटली भरलेली दिसत असूनही झाकणाचे रबर खराब झाल्यामुळे रेडिएटर रिकामा असू शकतो. पातळी ठीक असेल, तर फॅन क्लचकडे, म्हणजे पट्ट्यावरच्या पंख्याला इंजिनाशी जोडणाऱ्या भागाकडे, वळावे. पट्ट्यावरच्या पंख्याच्या जुन्या गाड्यांत दोष बहुधा इथेच सापडतो. या क्लचमध्ये सिलिकॉनचे घट्ट तेल असते आणि रेडिएटरमधून येणारी हवा तापली की तो पंख्याला अधिक घट्ट पकडतो. इंजिन बंद असताना पंखा हाताने फिरवावा. तो सैल सुटून कित्येक फेऱ्या फिरत राहिला, क्लचभोवती तेलाचे ओघळ व धूळ चिकटलेली दिसली किंवा पाते पुढे-मागे हलले, तर क्लच बदलावा. चांगल्या क्लचचा पंखा गरम इंजिन बंद केल्यावर हाताला जड लागतो आणि गाडी तापत आली की त्याचा घोंगावण्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. चालू पंख्यात कागदाची गुंडाळी घालून पाहण्याची पद्धत धोक्याची आहे. ती वापरू नये.

विजेचा पंखा असल्यास एसी लावून तो फिरतो का, हे पाहावे. फिरत नसेल तर फ्यूज आणि रिले तपासून मोटरला बॅटरीचा थेट करंट द्यावा. मोटर फिरली तर दोष वायरिंगमध्ये किंवा तापमानाच्या सेन्सरमध्ये आहे. असा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून हात घालण्यापूर्वी बॅटरीची तार काढावी.

यानंतरचे काम फुकटातले, आणि तरीही बहुतेक वेळा राहून जाणारे आहे. रेडिएटरमागचे प्लास्टिकचे काउल (पंख्याभोवतीचे आवरण) अपघातानंतर किंवा दुरुस्तीत काढले जाते आणि परत बसवले जात नाही. मग पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूचीच गरम हवा घुसळतो. रेडिएटरच्या कडेच्या रबरी पट्ट्या गेल्या असतील, तर उभ्या गाडीत इंजिनाची गरम हवा वळसा घेऊन पुन्हा पुढे येते. जाळीवर लावलेली शोभेची पाटी किंवा जादा दिवेही वारा अडवतात. एसीचा कंडेन्सर (रेडिएटरसमोरची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या फटीत भुसा, कापसाचे तंतू व किडे साचतात आणि ते समोरून दिसत नाहीत. कंडेन्सर थोडा सुटा करून इंजिनाच्या बाजूने पुढे हलक्या धारेने पाणी मारावे. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा नाजूक फिन्स (जाळीच्या पातळ पट्ट्या) वाकवतो.

थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकण्याचा सल्ला मानू नये. त्याने पंख्याचा दोष तसाच राहतो, इंजिन वेळेवर गरम होत नाही आणि डिझेल जास्त जळते. बोअरचे क्षारयुक्त पाणीही न भरता डिस्टिल्ड पाणी आणि कंपनीने सांगितलेले कूलंट वापरावे.

गार इंजिन सुरू करताच रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत असतील, होज काही क्षणांत टणक होत असेल किंवा ऑइल दुधाळ झाले असेल, तर हेड गॅस्केट (हेडखालचे सील) गेले असण्याची दाट शक्यता आहे. अशी गाडी न चालवता गॅरेजमध्ये न्यावी.

दुरुस्तीनंतर हवेचे बुडबुडे निघून जाईपर्यंत कूलंट भरावे आणि दुपारच्या उन्हात एसी लावून गाडी अर्धा तास उभी चालू ठेवून पाहावी. काटा स्थिर राहिला आणि दुसऱ्या सकाळी कूलंटची पातळी तेवढीच दिसली, तर माल भरायला हरकत नाही.