जुनी ऐरण: कडा भरा, माथा घासू नका

भंगारातून ऐरण आणली की माणूस आधी ग्राइंडर शोधतो. मीही शोधला होता, पण त्या दिवशी वीज गेली होती म्हणून ऐरण वाचली.

आमचं काम ऊसपट्ट्यातलं, कराडच्या बाजूला. कोयते, खुरपी, कुदळीला पोलाद लावून देणं. वडिलांची ऐरण म्हणजे बाभळीच्या ओंडक्यात ठोकलेला नुसता ठोकळा, त्याला ना चोच (पुढचं निमुळतं टोक) ना भोक. मला चोचीची हवी होती. भंगारात मिळाली तिच्या कुशीवर छिन्नीने कोरलेले तीन आकडे होते: 1, 1, 14. ही जुनी इंग्लिश मापं आहेत. पहिला आकडा 112 पौंडांचा, दुसरा 28 चा, तिसरा सुटे पौंड. बेरीज 154, म्हणजे जवळजवळ 70 किलो. काट्यावर 68 भरली. गेलेले दोन किलो कुठले, ते कडा बघून कळत होतं. चौकोनी भोकाजवळ बोटभर लांबीचा टवका उडालेला, आणि माथा मधे दोन मिलिमीटर बसलेला.

पैसे देण्याआधी खिशातून बेअरिंगची गोळी काढायची. माथ्यावर मोजपट्टी उभी धरून 10 इंचांवरून सोडायची. सात-आठ इंच परत उसळली तर माथा चांगला. तीन-चार इंचांवरच दमली तर पोलादाचं पाणी उतरलेलं, म्हणजे कडकपणा गेलेला असणार, नाहीतर मुळात बिडाचीच ऐरण आहे. एकाच जागी सोडू नका, माथाभर फिरवा. मग छोट्या हातोडीने टिचक्या मारत जा. एखाद्या ठिकाणी आवाज भद्द आला तर तिथली माथ्याची पोलादी पट्टी खालून सुटली असण्याची शक्यता जास्त. तसली ऐरण मी तरी घेत नाही.

आता माथा का घासायचा नाही ते सांगतो. या जुन्या ऐरणींचं अंग मऊ लोखंडाचं असतं, आणि वर भट्टीत सांधलेली कडक पोलादाची पट्टी, तीही बोटभर जाडीची. बसलेला दोन मिलिमीटर सपाट करायला सगळी पट्टी दोन मिलिमीटरने पातळ करावी लागते. गेलेलं पोलाद परत येत नाही. उलट तो बाक कामाला येतो: वाकडा कोयता सरळ करताना त्यात जरा जास्तच दाबला जातो आणि सोडल्यावर बरोबर सरळ बसतो.

म्हणून फक्त टवका भरायचा. यात मी एकदा हात पोळून घेतलाय. आधीच्या एका छोट्या ऐरणीला गार असतानाच वेल्डिंग मारलं. दिसायला झकास. रात्री दुकानातून टिक् टिक् आवाज येत राहिला. सकाळी हातोडी लावली तर भरलेला भाग खालचं पोलाद शिंपल्यासारखं घेऊनच निघाला. कारण साधं आहे. एवढा मोठा गार गोळा वेल्डिंगची उष्णता क्षणात ओढून घेतो, शिवणीलगतचं पोलाद काचेसारखं कडक होतं आणि तडकतं. त्यात रॉड दमट असला तर विचारूच नका.

तर आधी सगळी ऐरण तापवायची. विटांवर ठेवून खालून गॅसचा बर्नर, वर पत्रा झाकून. मला तीन तास लागले. 200 डिग्रीला आणायची, 230 च्या वर जाऊ द्यायची नाही, नाहीतर उरलेल्या माथ्याचंही पाणी उतरतं. तापमान बघायची बंदूक चकचकीत धातूवर खोटं बोलते, म्हणून तेवढ्या जागी दिव्याची काजळी धरा. बंदूक नसेल तर पाण्याचा थेंब टाका. तो चुर्र करून आटला तर अजून वेळ आहे. डोशाच्या तव्यावर पळतो तसा गोळी होऊन पळाला की झालंच.

टवक्याची जागा आधीच घासून स्वच्छ करून ठेवलेली असावी, बारीक तडाही शिल्लक नको. पहिला थर 7018 नंबरच्या वेल्डिंग रॉडचा, भट्टीत वाळवून गरम काढलेला. वर कडक भरणीच्या रॉडचे दोनच थर. इथे दुकानदार हमखास चुकीचा रॉड देतो. साखर कारखान्यात रोलरवर दाणे उठवायला जो मारतात तो आपल्याकडे सगळीकडे मिळतो, पण तो दाण्यासाठीच बनलेला. घणाखाली त्याचे तुकडे उडतात. घाव सोसणारा, 50 रॉकवेलच्या (कडकपणाचं माप) आसपासचा मागा.

कडेला बाहेरून तांब्याची जाड पट्टी आवळून धरा. वेल्ड तांब्याला चिकटत नाही आणि कड ओघळत नाही. दोन इंचांच्यावर शिवण ओढू नका. प्रत्येक शिवण गरम असतानाच हातोडीने ठोकून घ्या, वर जमलेली मळीची खपली झाडा, मग पुढची. दार उघडं ठेवा, हा धूर छातीला वाईट.

झालं की ऐरण कोरड्या राखेत पुरायची. पुतण्या अर्ध्या तासात फावडं घेऊन आला, “काका, बघू का जरा?” म्हणाला. त्याला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ये म्हटलं. ऐरण तेव्हाही कोमट होती.

घासताना फ्लॅप डिस्क वापरा आणि निळा रंग येऊ देऊ नका. निळी झाली की तेवढी जागा मऊ पडली. कड धारदार ठेवू नका. धारेवर ठोकलेल्या लोखंडात घडी बसते आणि कोयता तिथेच मोडतो. चोचीकडे आठ-दहा मिलिमीटर गोलाई, तिथून कमी करत शेवटाकडे दोन.

ओंडका बाभळीचाच, दोन फूट जमिनीत. उंची मोजायला ताठ उभं राहा, हात सोडा, मूठ वळा. बोटांचे सांधे माथ्याला टेकले पाहिजेत. कानठळ्या बसत असतील तर शेपटीखाली, म्हणजे चोचीच्या विरुद्ध टोकाखाली, स्पीकरचं जुनं लोहचुंबक चिकटवा.

महिनाभर कोयते ठोकून झाल्यावर परत गोळी सोडली. माथ्याच्या मधे आठ इंच, भरलेल्या जागी साडेसहा. चोचीच्या बुडाशी एक छोटा टवका अजून आहे, तो मी भरलेला नाही. वाटोळी कडी वाकवायला तो मापात बसतो.