मुंबई दर्शन: यादी करण्याआधी वार आणि भरती बघा

मुंबई बघायला येणाऱ्यांची यादी सहसा बरोबर असते, चुकतो तो वार. घारापुरीची (एलिफंटाची) लेणी सोमवारी बंद. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद, आणि कान्हेरीची लेणी त्याच्याच पोटात असल्याने तीही गेली. फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालयही त्याच दिवशी बंद. राणीची बाग (भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय) आणि तिला लागून असलेलं भाऊ दाजी लाड संग्रहालय दोन्ही बुधवारी बंद, म्हणजे एक नाही तर दुसरं बघू, ही सोयही नाही. सोमवार वाट्याला आलाच असेल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय धरा. ते सव्वादहाला उघडतं आणि तीन तास सहज घेतं. उरलेल्या वेळात गावदेवीचं मणिभवन (गांधीजी मुंबईत राहायचे ते घर) किंवा राणीची बाग होते. तारापोरवाला मत्स्यालय अजून कोणी सुचवलं तर ती यादी जुनी आहे असं समजा. ते बंद आहे.

घारापुरीला लोक दुपारी निघतात, ही दुसरी चूक. गेटवेवरून बोटीला तासभर लागतो. जेट्टीपासून पायऱ्यांपर्यंत बरंच चालायचं (छोटी रेल्वे असते, पण रांग मोठी असली तर पाय बरे), मग साधारण १२० पायऱ्या, आणि परतीची शेवटची बोट साडेपाचच्या सुमारास. एकला निघालेला माणूस मुख्य लेण्यात पोचतो तेव्हा त्याचं अर्धं लक्ष घड्याळाकडे असतं. सकाळी नऊ-साडेनऊची बोट धरा. मुख्य लेण्यातलं सदाशिवाचं शिल्प जवळपास साडेपाच मीटर उंच आहे, पण ते उत्तरेकडच्या दारासमोर, आत पार मागच्या भिंतीत आहे. उन्हातून आत गेल्यावर आधी काळोखच दिसतो. बहुतेक जण तिथेच फोटो काढतात आणि तो काळपट आला म्हणून नाराज होतात. पाच मिनिटं नुसतं उभं राहा. डोळे सरावले की आधी मधला शांत चेहरा दिसू लागतो, मग दोन्ही बाजूंचे. पायऱ्यांवर हातात कणीस किंवा थंड पेयाची बाटली नको, माकडं ती मागत नाहीत, घेतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्या बंद राहतात, त्यामुळे जुलैमध्ये संपूर्ण दिवस बोटीच्या भरवशावर ठेवू नका.

कान्हेरीत चूक अंतराची होते. उद्यानाचं दार स्टेशनजवळ आहे, लेणी तिथून सहा-सात किलोमीटर आत. गाडीची सोय न विचारता चालायला लागलेले अर्ध्या वाटेवरून परततात. उद्यानाचं तिकीट काढलं तरी लेण्यांचं वेगळं काढावं लागतं. १०० हून अधिक लेणी आहेत, सगळी बघायचा हट्ट नको. तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह (बौद्ध प्रार्थनागृह) नीट बघा, मग वर चढत पाण्याच्या पोढी, म्हणजे खडकात कोरलेली टाकी पाहा.

हाजी अलीला तर वारापेक्षा पाण्याचं वेळापत्रक महत्त्वाचं. दर्ग्याकडे जाणारी वाट मोठ्या भरतीत पाण्याखाली जाते. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, म्हणून काल कोणी आरामात जाऊन आलं याचा तुम्हाला उपयोग नाही. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, सकाळी आणि रात्रीही. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, उधाण सर्वात मोठं असताना, पाणी चढतं ते ऐन फिरण्याच्या वेळी. हिशेब अंदाजाचा आहे, नेमकी वेळ वर्तमानपत्रात बघा आणि भरतीच्या दोन तास आधी बाहेर या.

आता लोकल. हाजी अली आणि धोबीघाटासाठी महालक्ष्मी, गिरगाव चौपाटीसाठी चर्नी रोड: दोन्ही ठिकाणी जलद गाडी थांबत नाही. बोरिवलीहून जलद गाडीत बसून महालक्ष्मी डोळ्यांसमोरून निघून गेलीच, तर घाबरायचं कारण नाही. मुंबई सेंट्रलला उतरा आणि उलट्या दिशेची धिमी पकडा, एकच स्टेशन मागे आहे. संध्याकाळी चर्चगेटहून अंधेरीला जायला विरार जलद मात्र घेऊ नका. अंधेरीला ती थांबते, पण गर्दीत तुम्हाला उतरता येईलच असं नाही. रविवारी निघण्याआधी मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवण्याची वेळ) कुठल्या मार्गावर आहे ते शनिवारीच बघून ठेवा. मध्य आणि हार्बरवर तो साधारण सकाळी अकरानंतर सुरू होऊन दुपार खातो.

दादरला गाडी बदलताना जुन्या माहितीवर जाऊ नका. डिसेंबर २०२३ पासून फलाटांना सलग क्रमांक आहेत: पश्चिम रेल्वेचे १ ते ७, मध्य रेल्वेचे ८ ते १४. आणि दादरला उतरून रिक्षा शोधू नका. रिक्षा वांद्रे आणि शीवपर्यंतच, त्याच्या दक्षिणेला टॅक्सी किंवा बस.