टक्का कशाचा? धंद्याचे आणि घराचे गणित शिकताना

धंद्यासाठी आणि घरखर्चासाठी लागणारे गणित शिकायचे, तर दहावीचे पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून उघडण्याची गरज नाही. चार मूलभूत क्रिया, त्रैराशिक आणि टक्केवारी एवढी शिदोरी पुरते. आकडेमोड मोबाइल करून देतो, परंतु टक्का कशावर काढायचा हे तो सांगत नाही, आणि बहुतेकांची चूक नेमकी तिथेच होते.

सुरुवात स्वतःच्या आकड्यांपासून करावी. एक साधी वही घेऊन आठवडाभर डावीकडे जमा आणि उजवीकडे खर्च लिहावा, व उधारीसाठी वेगळे पान ठेवावे, कारण उधारीवर गेलेला माल विकला गेला असला तरी त्याचे पैसे अजून गल्ल्यात आलेले नसतात.

दुसरी पायरी म्हणजे मालाची खरी किंमत काढणे, आणि येथे घाई करू नये. समजा, नागपूरच्या कळमना बाजारातून एका ठेलेवाल्याने २० किलो संत्र्यांचा क्रेट ८०० रुपयांना घेतला. किलोला ४० रुपये पडले, त्यावर २५ टक्के नफा धरून ५० रुपये भाव लावू, असा हिशेब तो मनात करतो. पण ऑटोचे ६० रुपये गेले आणि तळाची २ किलो संत्री दबून खराब निघाली. आता ८६० रुपये उरलेल्या १८ किलोंवर वाटले पाहिजेत, म्हणजे किलोमागे सुमारे ४७ रुपये ७८ पैसे पडतात. ५० रुपयांनी सगळा माल विकला तर हाती ९०० रुपये येतात आणि दिवसभर उन्हात उभे राहून ४० रुपये सुटतात. त्याचा गुणाकार बरोबरच होता. भागाकार मात्र विकत घेतलेल्या किलोंनी केला, विकता येण्याजोग्या किलोंनी केला नाही. असाच एक हिशेब आपल्या मालाचा, हमाली, भाडे आणि खराबा धरून, कागदावर मांडून पाहावा.

त्याच ठेलेवाल्याने ६० रुपये भाव ठेवला, तर विक्री १,०८० रुपये आणि नफा २२० रुपये होतो. हा नफा खर्चावर काढला तर सुमारे २५.६ टक्के आणि विक्रीवर काढला तर सुमारे २०.४ टक्के येतो. दोन्ही उत्तरे खरी आहेत, मात्र भागीदारांपैकी एक खर्चावर आणि दुसरा विक्रीवर बोलत असेल, तर भांडण ठरलेलेच. वहीत टक्क्यापुढे ‘खर्चावर’ किंवा ‘विक्रीवर’ हा शब्द लिहिण्याची सवय लावावी.

करासकट किमतीतून जीएसटी वेगळा काढतानाही पाया हाच चुकतो. १८ टक्के कर धरून बिल १,१८० रुपयांचे असेल, तर १,१८० चे १८ टक्के काढल्यास २१२ रुपये ४० पैसे येतात, आणि ते चूक आहे. बिलाला १.१८ ने भागावे. मूळ किंमत १,००० आणि कर १८० रुपये मिळतो.

यानंतर व्याजाकडे वळावे. ‘शेकडा दोन रुपये’ हे ऐकायला किरकोळ वाटते, पण तो दर महिन्याचा असतो. वर्षाला २४ टक्के झाले, आणि न भरलेले व्याज मुदलात मिळवत गेल्यास १०,००० रुपयांचे वर्षअखेर सुमारे १२,६८२ होतात. ७२ ला दराने भागले की रक्कम दुप्पट होण्याचा अंदाजे काळ मिळतो: ७२ भागिले २ म्हणजे ३६ महिने.

हप्त्याच्या कर्जात मी स्वतः फसलो आहे. दुचाकी घेताना विक्रेत्याने ‘फक्त १२ टक्के, फ्लॅट’ असे सांगितले आणि मी मान डोलावली. एक लाख रुपये, दोन वर्षे, व्याज २४,०००, हप्ता सुमारे ५,१६७ रुपये. दर महिन्याला मुद्दल फिटत असते, तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण लाखावरच आकारलेले असते; घटत्या शिलकीवर मोजले, तर हाच दर वर्षाला सुमारे साडेएकवीस टक्के पडतो. स्प्रेडशीटमधील ‘रेट’ या सूत्रात हप्त्यांची संख्या, हप्ता (उणे चिन्हासह) आणि कर्जाची रक्कम भरली की मासिक दर मिळतो. त्याला १२ ने गुणावे. सही करण्यापूर्वी हे काम पाच मिनिटांत होते. मी ते सहा महिन्यांनी केले.

सरावासाठी जुन्या पाढ्यांचा उपयोग होतो. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी (पाव, अर्धा, दीड आणि अडीच यांचे पाढे) आज शाळेत फारशा कानावर पडत नाहीत, पण घरातील वडीलधाऱ्यांकडून त्या शिकून घ्याव्यात. ज्याला पावकी येते, त्याला २५ टक्के तोंडी काढता येतात. रोज सकाळी एक जुने बिल घ्यावे, उत्तर आधी तोंडी काढावे आणि मगच मोबाइलवर पडताळावे.